मधलं गाव

मर्तोलीतल्या ज्या घरात आम्ही रात्री झोपलो, त्याच्या शेजारच्या घराला छप्पर नव्हतं. त्याच्या पलीकडच्यालाही नव्हतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली पहाट होती. गवतावर दहिवर गोठलेलं होतं आणि दाराबाहेर दगडी भिंतींच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या. कुठे दाराची चौकट शाबूत, तिच्यावरची वेलबुट्टी शाबूत आणि आत खोलीभर कमरेएवढी सिसूण माजलेली. अंगाला लागली की आग करणारी ही वनस्पती माणसं आणि जनावरं राहून गेलेल्या मातीत जोमानं वाढते. मी गावातला धूर मोजला. चार घरांतून येत होता.

मुनस्यारीहून निघाल्याला तीन दिवस झाले होते. मिलमला जाणारे बहुतेक जण हिमनदी बघायला जातात, आणि मी, माझा नवरा व मुनस्यारीचा आमचा तरुण वाटाड्या असे तिघं त्याच इराद्यानं निघालो होतो. पण मर्तोलीहून बुर्फू, बुर्फूहून बिल्जू आणि तिथून मिलम, अशी त्या दिवशीची दहा-बारा किलोमीटरची चाल झाली आणि हिमनदीचं आकर्षण मागे पडलं. त्या एका दिवसात जे पाहिलं, ऐकलं, ते सांगायला हवं असं तेव्हापासून वाटत आलं आहे.

या खोऱ्याचं नाव जोहार. मराठी कानाला हा शब्द संतांच्या अभंगांतला जुना नमस्कार वाटतो. इथे तो उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातल्या गोरीगंगेच्या वरच्या खोऱ्याला लागलेला आहे. गोरीगंगा मिलम हिमनदीतून निघते, हिमालयाची मुख्य रांग कापून दक्षिणेला येते आणि जौलजीबीला काली नदीला मिळते. ही कापलेली घळ आम्ही आधीच्या दोन दिवसांत चढून आलो होतो. वाटेतल्या बोगड्यारपर्यंत सगळं ओलं, गर्द, डोक्यावर कडे आणि कानात सतत नदीचा घोष. त्या घळीतून वर आलं की आकाश एकदम मोठं होतं. पावसाळी ढग बरेचसे मागच्या भिंतीला अडून तिथेच रिते होतात. घाटमाथ्यावरून माणदेशाकडे उतरताना पाऊस जसा बघता बघता सरतो, तसं इथे एका दिवसाच्या वाटेत घडतं. झाडं मागे राहतात. पुढे पिवळं गवत, खुरटी झुडपं, वाऱ्यानं घासलेले तांबूस-करडे उतार.

या उतारांवर शौका लोकांची डझनभर गावं आहेत. सरकारी कागदांत त्यांना भोटिया म्हणतात, ते स्वतःला शौका म्हणवतात. ही गावं उन्हाळी. बर्फ वितळलं की माणसं वर यायची, पेरायची आणि ऑक्टोबरात घराला कुलूप लावून खाली मुनस्यारीकडे, काही जण तेजमच्याही खाली उतरायची. माणसाचं गाव कुठलं ते मात्र वरच्या घरावरून ठरायचं. मर्तोलीचे मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, तोलाचे तोलिया, लास्पाचे लस्पाल, गनघरचे गनघरिया. आपण गावाच्या नावाला ‘कर’ लावतो तसंच हे. आज ही आडनावं हल्द्वानी, देहरादून, दिल्लीच्या दारांवर दिसतात. ज्या गावावरून ती आली तिथे सिसूण आहे.

निघण्याआधी वाटाड्या म्हणाला, “दीदी, आधी नंदामाईला सांगून येऊ.” गावाच्या वरच्या अंगाला नंदादेवीचं देऊळ आहे आणि त्याच्याभोवती भूर्जवृक्षांची राई. भोजपत्र ज्याच्या सालीचं होतं ते हे झाड. आजूबाजूचे उतार उघडे असताना ही एवढीच झाडी राहिली, कारण ती देवीची. आपल्या देवराईचा नियम साडेतीन हजार मीटरांच्या आसपास तसाच्या तसा भेटला आणि मला फार बरं वाटलं. साल हाताला कागदासारखी लागते, पापुद्र्यांत सुटते. पानं पिवळी पडायला लागली होती. देवळात नवसाच्या घंटा टांगलेल्या होत्या. भाद्रपदात नंदाष्टमीला खाली राहायला गेलेली कुटुंबंही इथे येतात. गाव ओस पडलं तरी देवीचा दिवस ओस पडलेला नाही.

देवळातून उतरताना मी मोजायला सुरुवात केली. मुनस्यारीच्या बाजारातून राजमा घेतला होता. त्यातले मूठभर दाणे डाव्या खिशात घातले आणि दर शंभर पावलांना एक दाणा उजव्या खिशात टाकायचा असं ठरवलं. ही युक्ती माझी नाही. ती याच खोऱ्यातल्या एका शाळामास्तरांनी वापरलेली आहे, आणि तिच्या जोरावर तिबेटच्या नकाशातली केवढी तरी कोरी जागा भरून निघाली.

नैनसिंग रावत १८३० मध्ये जन्मले, घराणं मिलमचं. तरुणपणी ते श्लागिंटवाइट या जर्मन बंधूंबरोबर मोजणीच्या कामावर गेले, पुढे शाळेत शिकवू लागले आणि ‘पंडित’ हे नाव त्यांना तिथूनच चिकटलं. तिबेटात युरोपियन माणसाला मज्जाव होता. म्हणून १८६३ मध्ये ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यानं नैनसिंग आणि त्यांचे भाऊबंद मानीसिंग यांना देहरादूनला नेऊन तयार केलं. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या गुंडाळीऐवजी मोजणीचे कागद. उकळत्या पाण्यात तापमापक धरून उंची काढायची, हे करताना कोणी पाहायचं नाही. १८६५ मध्ये नैनसिंग नेपाळमार्गे निघाले आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. त्या प्रवासात सुमारे १,२०० मैल, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख पावलं, त्यांनी मोजली. ल्हासाचं स्थान आणि उंची त्यांनी काढली, त्सांगपो नदीचा मोठा पल्ला नकाशावर आणला. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं. भारतीय डाक खात्यानं त्यांचं तिकीट काढलं ते २००४ मध्ये.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. पाऊल मोजणं म्हणजे काय ते मर्तोलीच्या उतारावर कळलं. गोरीगंगेकडे जाणारी वाट तीव्र आहे. पाऊल आपोआप आखूड पडतं, दगडावर लांब पडतं, आणि समोरून कोणी “नमस्ते” म्हटलं की आकडा निसटतो. एकविसाव्या दाण्याला माझा हिशेब चुकला. पुन्हा धरला. पंचवीस लाख पावलं चालणाऱ्या माणसाला वाटेत किती जणांनी नमस्कार केला असेल, किती जणांनी संशयानं विचारलं असेल, आणि त्या प्रत्येकाशी बोलताना आकडा त्यानं मनात कसा धरून ठेवला असेल! पराक्रम म्हटलं की आपल्याला तलवार आणि शिखर आठवतं. मला वाटतं, मोजणीतल्या या एकाग्रतेला त्यांच्याच रांगेत बसवायला हवं.

नदीजवळ मेंढ्यांचा मोठा कळप आडवा आला. मेंढपाळांना इथे अनवाल म्हणतात. बर्फ पडायच्या आत ते बुग्यालांवरून, म्हणजे उंचावरच्या कुरणांवरून, खाली निघाले होते. पुढे गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घातलेला काळा भोटिया कुत्रा, कारण बिबट्या आधी गळाच धरतो. आम्ही कडेच्या दगडावर चढून वाट दिली. सगळा कळप सरायला चांगली पंधरा-वीस मिनिटं लागली. मेंढ्या रिकाम्या पाठीच्या होत्या. पूर्वी त्या तशा नसत.

याच वाटेनं शेकडो वर्षं मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवरून माल गेला. दोन्ही बाजूंना लोंबणारी लोकरी-चामडी पिशवी, तिला करबच म्हणतात. एका जनावराच्या पाठीवर दहा-बारा किलोंचा भार, आणि अशी शेकडो जनावरं. जोडीला याक आणि गाय यांच्या संकराचे झुप्पू. वर जायचं धान्य, गूळ, कापड, तंबाखू. खाली यायचं मीठ, लोकर, टाकणखार, थोडं सोनं. तिबेटच्या पठारावर धान्य नीट पिकत नाही आणि तिथल्या सरोवरांच्या काठी मीठ मुबलक. कुमाऊँच्या डोंगरात धान्य आहे आणि समुद्र फार लांब. या दोन उणिवांच्या बरोबर मध्ये जोहार. जोहारच्या स्वतःच्या जमिनीत वर्षाला एकच पीक येतं, फाफर, जव, बटाटा. तेवढ्यावर कोरीव चौकटींची घरं उभी राहत नाहीत. ती व्यापारानं उभी राहिली.

टाकणखाराचं मला विशेष वाटलं. आपला सोनार डाग द्यायला जी सवागी वापरतो ती हीच. एकेकाळी हिंदुस्थानात आणि युरोपातही ती तिबेटातून जायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्नियात तिचे मोठे साठे सापडले आणि तिबेटी मालाचा भाव उतरला. या निर्जन दिसणाऱ्या वाटेवरच्या माणसांचं उत्पन्न अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या एका खाणीनं कमी झालं होतं. खोरं एकाकी असतं तर असं कशाला झालं असतं?

पूल ओलांडून आम्ही बुर्फूला पोचलो. बुर्फू मर्तोलीपेक्षा जागं आहे. काही घरांवर नवे पत्रे, अंगणात फाफराच्या पेंढ्या, ताडपत्रीवर वाळत घातलेला जंबू. जंबू म्हणजे कांदा-लसणाच्या जातीची रानवनस्पती. तिची वाळलेली पात तुपात टाकली की डाळीला जो वास येतो तो मुनस्यारीत आम्ही पहिल्यांदा घेतला होता. वाटाड्याच्या ओळखीच्या एक आमा, म्हणजे आजी, अंगणात बसल्या होत्या. त्यांनी चुलीशी बोलावलं आणि ‘ज्या’ दिला, लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा. चहा समजून प्यायलं तर जीभ दचकते. कढण समजून प्यायलं की थंडीत त्याहून चांगलं काही नाही. सोबत सातू.

मी त्यांना विचारलं, “आमा, तुम्ही तिबेटला गेला होता का?”

“बायका नाही जायच्या. आम्ही इथे शेत बघायचो, विणायचो. बाबूजी जायचे. उंटाधुरा, जयंती, कुंगरी-बिंगरी.” त्यांनी तीन खिंडींची नावं तीन बोटांवर मोजली. तिन्ही पाच हजार मीटरांहून उंच आहेत आणि मध्ये चारा नाही, सरपण नाही. म्हणून तिन्ही एका दमात ओलांडाव्या लागत. पलीकडे ग्यानिमाची मंडी. तंबूंचं गाव, उन्हाळ्यापुरतं.

“तिथे प्रत्येकाचा एक मित्र असायचा,” आमा म्हणाल्या.

हा ‘मित्र’ शब्द इथे करारातला आहे. शौका व्यापाऱ्याचं तिबेटी व्यापाऱ्याशी नातं ठरलेलं असे आणि ते बापाकडून मुलाकडे जाई. मित्राला सोडून दुसऱ्याला लोकर विकायची नाही. हे नातं जोडताना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघं ठेवत. पुढे कोणी आजारी पडलं, दुसऱ्याला पाठवलं, तर त्यानं आपला तुकडा दाखवायचा. कडा जुळल्या की माणूस खरा. भाषा वेगळी, राज्य वेगळं, धर्माचार वेगळा, आणि भरवसा एका दगडाच्या दोन तुकड्यांवर. मला तो तुकडा पाहायची फार इच्छा झाली. आमा म्हणाल्या, “जुनं घर पडलं तेव्हा भिंतीत गेला असेल.”

१९६२ मध्ये युद्ध झालं आणि खिंडी बंद झाल्या. आमा तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या होत्या. “बाबूजी शेवटचे आले तेव्हा मित्राला सांगून आले होते, राहिलेल्या लोकरीचे पैसे पुढच्या उन्हाळ्यात देतो. त्यांना मरेपर्यंत ते लागून राहिलं. लोक म्हणायचे, तिकडच्यांकडेही आपलं येणं आहे की. ते म्हणायचे, त्यांचं त्यांना, माझं मला.”

हे ऐकल्यावर मला पुढे काही विचारता आलं नाही. आमांनी कपात पुन्हा ज्या ओतला.

व्यापार थांबल्यावर काय झालं ते त्यांच्या मुलानं सांगितलं. भारवाहू जनावरं विकली गेली. वर येण्याचं कारणच गेलं, मग एकेक घर खालीच राहिलं. पहिल्या हिमवर्षावात न झाडलेलं छप्पर वाकतं, दुसऱ्यात बसतं. १९६७ मध्ये भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. व्यापारामुळे या समाजात लिहिणं, हिशेब आधीपासून होते. त्यात शिक्षणाची, सरकारी नोकऱ्यांची वाट उघडली आणि शौकांनी ती दोन हातांनी धरली. विणकाम मात्र बायकांनी सोडलं नाही. थुलमा, चुटका ही पांघरुणं आणि दन नावाचे गालिचे आजही मुनस्यारी-दरकोटच्या घरांत मागावर असतात. तिबेटी लोकर गेली, हात राहिले. इथे ‘उजाड गाव’ म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की माणसं नष्ट झालेली नाहीत. ती दुसऱ्या कामाला लागली आहेत, आणि बरीच बरी चालली आहेत. उजाड झाली ती मधली जागा.

बुर्फूहून बिल्जू हा टप्पा सोपा, नदीच्या डाव्या काठानं जवळजवळ सपाट. वारा दहा वाजता सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. रस्त्याच्या कामाचे यंत्रांचे आवाज मधूनमधून येत होते. मुनस्यारी ते मिलम मोटाररस्त्याचं काम अनेक वर्षं चाललेलं, दगड फोडायची यंत्रं २०१९ मध्ये हेलिकॉप्टरनं वर आणावी लागली. पायी चालणाऱ्यांना रस्ता आवडत नाही. मलाही त्या आवाजाचा त्रास झाला. पण आमांनी बुर्फूहून आजारी माणूस खाली न्यायला किती दिवस लागतात ते सांगितलं होतं. त्यानंतर रस्त्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

बिल्जूच्या अंगणातून पश्चिमेला पाछूचं खोरं उघडतं आणि त्याच्या टोकाला नंदादेवी. ७,८१६ मीटर. फोटोंत ती लांबची, जोडशिखरांची दिसते. इथून ती गावाचीच वाटते, इतकी समोर. दाणे मोजायचे मी इथे थांबवले. नंदादेवीचं पूर्व शिखर १९३९ मध्ये पोलंडच्या गिर्यारोहकांनी याच बाजूनं जिंकलं. जुलैच्या दुसऱ्या तारखेला दोघं माथ्यावर पोचले. तिथून ते जवळच्या तिरसुली शिखराकडे वळले आणि त्यांचा नेता व आणखी एक साथीदार हिमलोटात गेले. उरलेले उतरले आणि दोन महिन्यांत त्यांच्या देशावर जर्मनीनं आक्रमण केलं. बिल्जूच्या म्हाताऱ्यांनी ही परकी माणसं जाताना पाहिली असतील, सामानही वाहिलं असेल. त्यांच्या लेखी ती मंडी नसलेल्या दिशेला जाणारी माणसं होती.

दुपारी तीनच्या सुमारास गोंखा गाड या ओढ्याचा पूल ओलांडून मिलममध्ये शिरलो. मी गाव पाहायला आले होते, समोर पडकं शहर आलं. गल्ल्या आहेत. गल्लीला गल्ली फुटते, दोन्हीकडे दगडी घरं, कोपऱ्यावर चौथरे, दाराच्या चौकटींवर देव, फुलं, वेली. मध्येच एखादं दुरुस्त केलेलं घर, बटाट्याचा वाफा, कुलूप. वाटाड्या पुढे नसता तर त्या गल्ल्यांत मी वाट चुकले असते. एका चौथऱ्यावर बसून एक बूबू, म्हणजे आजोबा, करवतीनं फळी कापत होते. छप्पर दुरुस्त करायला दर उन्हाळ्यात वर येतात, पेन्शन मिळते, मुलं शहरात.

त्यांनी सांगितलं, व्यापाराच्या दिवसांत दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिबेटातून एक अधिकारी मिलमला यायचा. त्याला सरजी म्हणत. खाली देशात रोगराई नाही ना, दुष्काळ नाही ना, लढाई नाही ना, हे तो विचारायचा, शपथ घ्यायला लावायचा. त्याचं समाधान झालं की खिंडी व्यापाराला खुल्या. हा सरजी मी पुस्तकात वाचला होता. तो कुठल्या गल्लीतून यायचा ते दाखवणारा माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं. खालच्या बाजारांची खबरबात तिबेटला या चौथऱ्यांवरून कळत होती.

सीमेवरच्या अशा गावांना आपण कित्येक वर्षं ‘देशाचं शेवटचं गाव’ म्हणत आलो. हल्ली ‘पहिलं गाव’ म्हणायला सुरुवात झाली आहे. त्यामागची भावना चांगली आहे. पण मी बूबूंना विचारलं तेव्हा त्यांनी करवत खाली ठेवली आणि म्हणाले, “शेवटचं पण नव्हतं, पहिलं पण नव्हतं. बीच का गाव था.” हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत ठेवते. मर्तोलीपासून दिवसभर जे पाहत, ऐकत आले होते, ते सगळं त्यात होतं.

हिमनदी दुसऱ्या दिवशी पाहिली. तिचं तोंड गावापासून लांब मागे सरकलेलं आहे आणि अजून सरकतं आहे. पण त्या संध्याकाळी आम्ही तिच्या दिशेला गेलोच नाही. ऊन हरदेवलच्या माथ्यावर उरलं होतं तेव्हा बूबू आम्हाला गावाच्या उत्तरेच्या टोकाला घेऊन गेले. गोंखाच्या काठानं एक पायवाट वर जाते, दुंग नावाच्या पडावाकडे आणि तिथून उंटाधुऱ्याला. शेकडो वर्षांच्या खुरांनी ती दगडात खोल गेलेली आहे, तिच्यावर अजून गवत धरत नाही. बूबूंचे वडील तिच्यावरून ग्यानिमाला जात. बूबू स्वतः कधी गेले नाहीत.

व्यापारासाठी लिपुलेख खिंड १९९२ मध्ये पुन्हा उघडली, नथू ला २००६ मध्ये. उंटाधुरा १९६२ पासून बंद आहे.